१६ आठवडे, एकच सुत्त : सम्मादिट्ठीच्या ऑनलाइन वर्गाचा रिव्ह्यू

रिव्ह्यू मोठा होणार आहे, आधीच सांगते, कारण "छान आहे, नक्की करा" एवढं लिहून माझंही समाधान होणार नाही आणि वाचणाऱ्यालाही काही कळणार नाही. ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी : ५ पैकी ४ स्टार. एक स्टार कशासाठी कापला ते खाली लिहिलंय. आणि ज्यांना ध्यानाला बसून बरीच वर्षं झालीत, पण आपण हे नक्की कशासाठी करतोय असं कुणी विचारलं तर धड उत्तर देता येत नाही, त्यांनी हा वर्ग करावाच असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्गाचं स्वरूप एकदम साधं आहे. मज्झिम निकाय हा पालीतल्या बुद्धवचनांचा एक संग्रह, त्यातलं ९ वं सुत्त (प्रवचन), सम्मादिट्ठि म्हणजे सम्यक (योग्य) दृष्टीचं सुत्त, आठवड्यातून एकदा दीड तास व्हिडिओ कॉलवर बसून ओळ न ओळ वाचायचं, आधी पाली मग मराठी अर्थ मग चर्चा, आणि पुढच्या आठवड्यासाठी एक गृहपाठ. हे सुत्त सावत्थीला (श्रावस्तीला) जेतवन विहारात घडतं. बोलणारे स्वतः बुद्ध नाहीत, त्यांचे प्रमुख शिष्य सारिपुत्त आहेत, आणि ते भिक्खूंना विचारतात की सम्मादिट्ठी सम्मादिट्ठी म्हणतात तर माणूस सम्मादिट्ठीचा होतो तो कशाने? मग स्वतःच उत्तर देतात, भिक्खूंना ते आवडतं, आणि भिक्खू पुन्हा विचारतात की आवुसो (मित्रा), अजून एखादा मार्ग आहे का? आहे, म्हणतात सारिपुत्त. असं करत करत १६ मार्ग होतात. पहिला कुशल-अकुशलाचा, म्हणजे चांगल्या-वाईट कृतींचा, मग आहाराचा, मग चार आर्यसत्यांचा, मग जरामरणापासून एकेक पायरी मागे जात जात अविद्येपर्यंत, आणि शेवटचा आसवांचा, म्हणजे मनात मुरलेल्या मळांचा. १६ मार्ग म्हणून १६ आठवडे. मला सुरुवातीला वाटलं होतं की एका सुत्ताला चार महिने म्हणजे फारच ताणलंय. आता वाटतं उलट कमी पडले.

माझी पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही म्हणून सांगते. त्याआधी सहा वर्षं मी फोनवरच्या एका ॲपवर ध्यान करत होते. नाव देत नाही, कारण दोष त्या एका ॲपचा नाहीये, तशी पुष्कळ आहेत. आवाज गोड, घंटेचा नाद सुंदर, श्वासाकडे लक्ष द्या, विचार आले तर येऊ द्या, गेले तर जाऊ द्या. मी रोज २० मिनिटं बसायचे, न चुकता. ॲपमध्ये सलग किती दिवस बसलात त्याचा आकडा वर मोठ्या अक्षरात दिसतो, त्याला स्ट्रीक म्हणतात, माझी स्ट्रीक ९०० च्या पुढे गेली होती आणि मी तो आकडा बसायच्या आधीही बघायचे आणि बसून झाल्यावरही बघायचे.

एका रात्री मुलीला ताप भरला, १०३ पर्यंत गेला होता. डॉक्टरांशी बोलणं झालं होतं, औषध दिलं होतं, नवरा तिच्या उशाशी बसून कपाळावरच्या ओल्या पट्ट्या बदलत होता, ती मधेच "आई" म्हणून कण्हत होती, आणि माझं लक्ष घड्याळाकडे गेलं तर अकरा पस्तीस. त्या दिवशी बसायचं राहिलं होतं. बारा वाजले की आकडा शून्यावर जाणार. मी नवऱ्याला म्हटलं, "आलेच मी वीस मिनिटांत," आणि शेजारच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं, इयरफोन कानात घातले. त्या वीस मिनिटांत मन फार छान लागलं होतं. हे मला अजून आठवतं आणि त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं. बाहेर आले तेव्हा तिचा डोळा लागला होता. नवरा काही बोलला नाही, वाटीतलं पाणी बदलायला उठून गेला.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात लिहून द्यावं लागलं.

झालं असं की पहिला मार्ग कुशल-अकुशलाचा. सारिपुत्त दहा अकुशलं मोजतात, जीव घेणं, न दिलेलं घेणं, कामवासनेच्या बाबतीत गैरवर्तन, खोटं बोलणं, चहाडी, कठोर बोलणं, वायफळ बडबड, दुसऱ्याचं ते आपलं व्हावं अशी हाव, दुसऱ्याचं वाईट चिंतणं, आणि चुकीची दृष्टी. आणि मग लगेच म्हणतात की अकुशलाचं मूळ काय तर लोभ, दोस (म्हणजे द्वेष), मोह. इथे आमच्या सरांनी एक गोष्ट फार चांगली केली, त्यांनी यादी पाठ करायला सांगितलीच नाही. म्हणाले, अकुशल कोणतं हे कळणं अर्धंच झालं, सुत्त म्हणतं अकुशलही कळायला हवं आणि त्याचं मूळही कळायला हवं. गृहपाठ असा की स्वतःची अशी एक कृती घ्या जी बाहेरून बघणाऱ्याला चांगली वाटेल, आणि तिचं मूळ शोधा.

मी वहीत लिहिलं, "ध्यान." पुढे लिहिलं, "मूळ : लोभ." मग ती रात्र लिहिली. लिहून झाल्यावर बराच वेळ वही उघडीच होती.

पुढच्या वर्गात सरांनी नाव न घेता त्यावर बोलायची परवानगी मागितली, मी दिली. ते म्हणाले, "ताई, ध्यान अकुशल नव्हतं हो. त्याला त्या रात्री पाणी कुठून मिळत होतं ते तुम्हाला दिसलं. सहा वर्षांत पहिल्यांदा दिसलं, याला कमी समजू नका." आणि मग त्यांनी अंगुत्तर निकाय या तशाच दुसऱ्या संग्रहातला बियांचा दृष्टांत सांगितला. कडुनिंबाचं बी ओल्या जमिनीत लावलं की ते जमिनीतलं जे काही सत्त्व आणि पाणी ओढून घेतं ते सगळं कडूच होतं, कारण बीच कडू. उसाचं लावलं तर तेच पाणी गोड होतं. दृष्टी चुकीची असेल तर तिच्यावर केलेलं बोलणं, वागणं, इच्छा, संकल्प सगळं त्या चवीचं होत जातं. आपल्याकडे कारल्याची म्हण आहेच, तुपात तळा नाहीतर साखरेत घोळा. मी सहा वर्षं साखरेत घोळत होते.

मला खरंच माहीत नव्हतं की बुद्धांच्या शिकवणीत मिच्छासमाधी असाही शब्द आहे. चुकीची समाधी. अष्टांगिक मार्गाच्या आठही अंगांची चुकीची बाजू सांगितलेली आहे, चुकीचा प्रयत्न, चुकीची स्मृतीसुद्धा. मी समजत होते की एकाग्रता वाढली म्हणजे आपण बरोबरच चाललोय. पण बगळाही तळ्याच्या काठी एका पायावर तासन्‌तास उभा असतो आणि त्याची एकाग्रता माझ्यापेक्षा नक्कीच चांगली असणार. एकाग्रतेने जोर येतो, कुठे जायचं ते ती सांगत नाही. ते दृष्टी सांगते, आणि म्हणून अष्टांगिक मार्गात तिचं नाव पहिलं येतं. सूर्य उगवायच्या आधी जसं तांबडं फुटतं तशी सगळ्या कुशल गोष्टींच्या आधी सम्मादिट्ठी येते असं अंगुत्तर निकायात म्हटलंय. हे वाक्य मी आधी कुठेतरी पोस्टरवर वाचलेलं होतं, सुंदर वाटलं होतं, पुढे सरकले होते.

तिसरा आठवडा माझ्यासाठी या पूर्ण वर्गाचा गाभा होता त्यामुळे जरा थांबून लिहिते. चार आर्यसत्यं आपल्यातल्या पुष्कळांना पाठ असतात, दुःख आहे, दुःखाचं कारण तृष्णा आहे, निरोध म्हणजे दुःखाचा अंत आहे, मार्ग आहे. परीक्षेला आलं तर पैकीच्या पैकी मार्क. पण बुद्धांनी इसिपतनात (आजच्या सारनाथला) दिलेल्या पहिल्या प्रवचनात प्रत्येक सत्याबरोबर एकेक काम दिलेलं आहे आणि ती चारही कामं वेगळी आहेत. दुःख हे परिञ्ञेय्य, म्हणजे पूर्ण जाणून घ्यायचं. तृष्णा ही पहातब्ब, म्हणजे सोडायची. निरोध हा सच्छिकातब्ब, प्रत्यक्ष अनुभवायचा. आणि मार्ग हा भावेतब्ब, वाढवायचा, त्याचा सराव करायचा. आणि प्रत्येकाचे तीन टप्पे, हे असं आहे, याचं हे करायला हवं, हे करून झालं. चार त्रिक बारा, म्हणून त्याला बारा आकारांचं ज्ञान म्हणतात.

सरांनी आम्हाला विचारलं, तुम्ही दुःखाचं काय करता? एकेकाने सांगितलं. कुणी म्हणालं विसरायचा प्रयत्न करतो, कुणी म्हणालं स्वीकारतो, मी म्हटलं की मी श्वासाकडे लक्ष नेते म्हणजे ते जातं. सर म्हणाले, म्हणजे तुम्ही दुःख सोडताय. सोडायची तर तृष्णा होती.

मला ते ऐकून एकदम गप्प व्हायला झालं. सहा वर्षं मी कामांची अदलाबदल केली होती. दुःख, ज्याला जाणून घ्यायचं, त्याला मी हाकलत होते, आणि "मला शांत वाटलंच पाहिजे" ही जी तृष्णा होती तिला रोज वीस मिनिटं खतपाणी घालत होते. यात मेहनतीत काहीच कसूर नव्हती हो, मेहनत भरपूर होती. समज चुकली होती. आणि गंमत म्हणजे मराठीत आपण दिवसभर हा शब्द वापरतो, समज दिली, समजूत काढली, गैरसमज झाला, समजून घे जरा, पण समज ही कशाची तरी असावी लागते आणि त्या समजेने हात बदलायला हवेत, हात तेच करत राहिले तर समजलेलं नाही, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

आता एक प्रश्न मला स्वतःला पडला होता आणि वाचणाऱ्यालाही पडेल, की मग हे सगळं पुस्तकी नाही का? वाचून कधी कुणाचं दुःख गेलंय? यावर पाचव्या की सहाव्या वर्गात चर्चा झाली आणि तिथे सरांनी विसुद्धिमग्ग या पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांच्या ग्रंथातला नाण्यांचा दृष्टांत दिला. नाण्यांचा ढीग पडलाय. लहान मूल बघतं तेव्हा त्याला फक्त रंग, आकार, लांब की चौकोनी एवढं कळतं. खेड्यातला साधा माणूस बघतो तेव्हा त्याला रंग-आकारही कळतो आणि याने व्यवहार होतो, याला किंमत आहे हेही कळतं. आणि सराफ बघतो तेव्हा त्याला खरं कोणतं, खोटं कोणतं, कशात भेसळ आहे तेही कळतं, नाण्याचा आवाज ऐकून कळतं, हातात वजन घेऊन कळतं, ते कुठे पाडलंय तेही कळतं. मुलाची जाणीव ती संज्ञा, गावकऱ्याची ती विज्ञान, सराफाची ती प्रज्ञा. मला हे इतकं पटलं कारण चार आर्यसत्यं मला मुलासारखी माहीत होती, आकार पाठ होता. सराफ व्हायचं तर नाणी हातात घ्यावी लागतात, रोज. पण सराफीसुद्धा कुणाच्या तरी पेढीवर बसून शिकावी लागते, नुसतं नाण्याकडे एकटक बघत बसून खोटं नाणं कधीच कळणार नाही. माझं सहा वर्षं तेच चालू होतं, एकटक बघणं.

वापरून बघितलं का, हा रिव्ह्यूमधला खरा प्रश्न. तर एक प्रसंग सांगते. ऑफिसमध्ये माझ्या तीन आठवड्यांच्या कामाचं श्रेय एका सहकाऱ्याने मीटिंगमध्ये स्वतःच्या नावावर घेतलं. मी जागेवर येऊन मेल लिहायला घेतली, वरिष्ठांना कॉपी ठेवून. पहिलं वाक्यच असं होतं की वाचणाऱ्याला टोचावं. त्याच आठवड्यात आम्ही महाचत्तारीसक सुत्ताचा एक भाग वाचला होता, मज्झिम निकायातलंच ११७ वं, त्यात म्हटलंय की सम्मादिट्ठी पुढे चालते ती कशी, तर चुकीच्या वाचेला चुकीची वाचा म्हणून ओळखते आणि योग्य वाचेला योग्य म्हणून ओळखते. मग चुकीची सोडायचा जो प्रयत्न तो सम्यक व्यायाम, आणि हे करताना जी आठवण राहते ती सम्यक स्मृती. म्हणजे प्रत्येक अंगाभोवती ही तीन फिरत असतात, दृष्टी, प्रयत्न आणि स्मृती. मला एवढंच आठवलं, "ओळखते." मी स्क्रीनवरचं ते पहिलं वाक्य पुन्हा वाचलं आणि मनात म्हटलं, ही परुष वाचा, कठोर बोलणं. बरी की वाईट हे नंतर, आधी हिचं नाव हे. आणि मूळ? दोस. छातीत गरम वाटत होतं, बोटं कीबोर्डवर होती, सगळं दिसत होतं. आधीची मी असते तर डोळे मिटून दहा श्वास घेतले असते, शांत वाटलं असतं आणि मग तीच मेल शांतपणे पाठवली असती, हे मी अनेकदा केलेलं आहे. या वेळी ते वाक्य खोडलं. मेल तरी पाठवली, कारण खरं होतं ते सांगायलाच हवं होतं, तारखा आणि कामाचे तुकडे लिहिले, तीन ओळी. राग लगेच गेला असं अजिबात नाही, संध्याकाळपर्यंत होता. पण तो मेलमध्ये गेला नाही.

म्हणून सम्यक दृष्टी म्हणजे पॉझिटिव्ह थिंकिंग असं जे सर्रास सांगितलं जातं त्याबद्दल मला आता राग नाही पण काळजी वाटते. चांगलं तेच बघा, सगळं छान होईल, असं सुत्तात कुठेही नाहीये. उलट पालीत नुसतं दिट्ठि (दृष्टी, मत) म्हटलं की बहुतेक वेळा चुकीच्या मताबद्दलच बोलणं असतं, दीघ निकायाच्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, अशी ६२ मतं मोजलेली आहेत. मतं कमी करायची सोय असताना आपण एक गोड मत वाढवून ठेवतो.

सातवा आठवडा उपादानाचा, म्हणजे घट्ट पकडून ठेवण्याचा, आणि तिथे आमच्या वर्गात भांडण झालं. चार उपादानं आहेत, कामसुखांचं, दिट्ठीचं म्हणजे मतांचं, शीलव्रतांचं आणि आत्मवादाचं, म्हणजे मी-पणाच्या समजुतीचं. शीलव्रत उपादान म्हणजे अमुक नियम अमुक व्रत पाळलं की काम झालं असं समजून त्यालाच धरून बसणं, आणि ते ऐकल्याबरोबर मला माझा ९०० चा आकडा डोळ्यांसमोर आला, अडीच हजार वर्षांपूर्वी त्याला नाव देऊन ठेवलेलं आहे. पण भांडण दुसऱ्यावरून झालं, दिट्ठीवरून. एक काका आणि एक कॉलेजमधला मुलगा, पुनर्जन्म मानायचा की नाही यावर जुंपली. काकांचं म्हणणं की महाचत्तारीसकात सम्मादिट्ठीच्या पहिल्या प्रकारात हा लोक आहे, परलोक आहे असं स्पष्ट आहे. मुलाचं म्हणणं की चार आर्यसत्यं इथेच, याच आयुष्यात तपासता येतात, तेवढं पुरे. चाळीस मिनिटं चाललं. मी गप्प होते का? नव्हते. मी चॅटमध्ये मुलाच्या बाजूने सुत्तांचे नंबर टाकत होते, एकामागून एक, आणि काका अडखळले की मला बरं वाटत होतं.

सरांनी मधे पडून कुणाचीच बाजू घेतली नाही. त्यांनी अलगद्दूपम सुत्त उघडलं, पाण्यातल्या सापाचं, मज्झिम निकायातलं २२ वं. एक माणूस सापाच्या शोधात निघतो, त्याला मोठा साप सापडतो, आणि तो त्याला शेपटीला धरतो. साप उलटतो आणि हाताला चावतो. का? कारण चुकीचा धरला. सापाची मान काठीच्या बेचक्यात दाबून मानेला धरला असता तर त्याने हाताला कितीही वेटोळे घातले तरी चावता आलं नसतं. आणि बुद्ध म्हणतात की काही जण धम्म शिकतात तो दुसऱ्याला दोष लावायला आणि वादात जिंकायला, त्यांनी साप शेपटीला धरलाय. सर वाचत होते आणि माझ्या चॅटमधले नंबर तसेच स्क्रीनवर होते. नंतर त्यांनी चंकी सुत्तातलं एक सांगितलं ते मी रोजच्या बोलण्यात वापरायला लागलेय. तुमची एखाद्या गोष्टीवर श्रद्धा असेल तर "माझी अशी श्रद्धा आहे" एवढं म्हणा, इथवर तुम्ही सत्य राखता. त्यावरून लगेच "हेच खरं, बाकी सगळं खोटं" असा निष्कर्ष काढू नका. काकांनी त्यावर मान हलवली आणि म्हणाले, माझी तशी श्रद्धा आहे बाबा. मुलगा म्हणाला, मला अजून माहीत नाही. मी वर्ग संपल्यावर काकांना फोन करून माफी मागितली, आता आमचं दर आठवड्याला बोलणं होतं.

आता तक्रारी, कारण ४ स्टार उगीच दिलेले नाहीत.

पहिली आणि मोठी तक्रार, १२ ते १४ हे आठवडे घाईत उरकले. नामरूप (मन आणि शरीर), विज्ञान (म्हणजे जाणीव, सायन्स नव्हे), संस्कार (कृतीमागचे हेतू). सुट्ट्या मधे आल्या आणि दोन वर्ग एकत्र केले, आणि नेमके तेच सगळ्यात अवघड होते. सरांनी गवताच्या दोन पेंढ्यांचा दृष्टांत दिला, एकमेकींना टेकून उभ्या आहेत, एक काढली की दुसरी पडते, तसं नामरूप विज्ञानावर आणि विज्ञान नामरूपावर टेकलेलं, हा सारिपुत्तांचाच आहे पण दुसऱ्या सुत्तातला. पण आम्ही वाचत होतो त्या सुत्तात विज्ञानाच्या मागे संस्कार आहेत, मग दोन्हीची सांगड कशी घालायची ते विचारायला वेळच उरला नाही. मला असं वाटतं की पहिल्या तीन आठवड्यांइतकाच वेळ इथे द्यायला हवा, हवं तर वर्ग १८ आठवड्यांचा करा.

दुसरी, वर्गात बसणं नाही, एकही मिनिट नाही. मला कळतं की हा अभ्यासवर्ग आहे. पण महावेदल्ल सुत्तात सारिपुत्तच महाकोट्ठित नावाच्या भिक्खूंना सांगतात की सम्मादिट्ठीला पाच गोष्टींचा आधार लागतो, शील, श्रुत (ऐकून शिकलेलं), चर्चा, समथ (मन शांत करणं) आणि विपस्सना (आत नीट निरखणं). वर्गात श्रुत आणि चर्चा उत्तम होती, शीलावर गृहपाठ होते, शेवटच्या दोनचा पत्ताच नव्हता. दर वर्गाच्या शेवटी पंधरा मिनिटं त्या दिवशीच्या विषयावर नुसतं गप्प बसलो असतो तरी फरक पडला असता. माझी ॲपवाली सहा वर्षं समजेशिवाय बसण्यात गेली, आता बसल्याशिवाय समजेत जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. मी माझं माझं रोज बसते, साधा टायमर लावून, दार उघडं ठेवून.

बाकी किरकोळ. पाठवलेली पालीची पीडीएफ तिरकी स्कॅन केलेली आहे, अनुस्वार दिसत नाहीत आणि पालीत अनुस्वार गेला की शब्द गेला. रेकॉर्डिंगचा आवाज बारीक येतो. आणि फोनवरच्या ग्रुपवर सुप्रभातचे मेसेज बंद करावेत, त्यात गृहपाठाची सूचना दोनदा हरवली.

कुणी करू नये? ज्यांना लगेच बरं वाटायला हवंय त्यांनी आत्ता नको. मनाची अवस्था फार बिकट असेल, झोप उडाली असेल, रडू थांबत नसेल तर आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा, स्वतःच्या कृतीचं मूळ शोधायचे गृहपाठ त्या काळात जड जातात, आमच्या वर्गातल्या एका ताईंना सरांनी स्वतःच असं सांगून पुढच्या बॅचला यायला सांगितलं आणि ते मला फार योग्य वाटलं. पाली यायला पाहिजे असं काही नाही. श्रद्धा असायलाच पाहिजे असंही नाही, फक्त वही लागते आणि खरं लिहायची तयारी.

शेवटच्या वर्गाबद्दल एवढंच, की आसवांपाशी सुत्त गोल फिरतं. आसव कशामुळे तर अविद्येमुळे. आणि अविद्या कशामुळे? आसवांमुळे. कॉलेजवाल्या मुलाने लगेच विचारलं, मग सर, सुरुवात कुठून? सर म्हणाले की आत शिरायला दोन दारं सांगितलेली आहेत, महावेदल्लातच, एक परतो घोस म्हणजे दुसऱ्याचा आवाज कानावर पडणं, आणि दुसरं योनिसो मनसिकार, मुळापर्यंत जाऊन विचार करणं. मग त्यांनी मुलाला उलट विचारलं, आज तुझ्या कानावर काय पडलं? तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, काकांचं. काका म्यूटवर होते, त्यांना अनम्यूट करता येत नव्हतं, नुसते हात जोडून हसत होते.

पुढची बॅच सुरू व्हायची आहे, सर या वेळी १३ वा आठवडा वाढवणार असं म्हणालेत. मी त्या एका आठवड्यासाठी पुन्हा बसणार आहे. तोवर ज्या कुणाला पेंढ्यांचा दृष्टांत आणि संस्कारांची पायरी एकत्र कशी लावायची ते नीट उमगलं असेल त्यांनी कृपया खाली लिहा, मी रेकॉर्डिंग तीनदा ऐकलंय आणि माझं अजून अडलेलं आहे.